जुन्या कॉम्प्रेसरला नवी मोटर

कॉम्प्रेसरची मोटर जळाली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीची? गिऱ्हाईक म्हणतं दोनची, दुकानदार दोनची काढून देतो, मोटर टेम्पोत चढते. लबाडी कोणाचीच नसते, पण चौकशी अर्धीच झालेली असते. दोन एचपीच्या दोन मोटरी एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, २४ मिलिमीटरच्याच शाफ्टच्या असू शकतात. जुनी पुली दोन्हींवर सारखीच चपखल बसते. फक्त एक मिनिटाला १४४० फेरे मारते आणि दुसरी २८८०. ही दुसरी बसली तर पंप दुप्पट वेगाने पळतो, मोटर दुप्पट ओझं ओढायला बघते, आणि ओव्हरलोड रिले नसेल तर संध्याकाळपर्यंत जळक्या वार्निशचा वास सुटतो.

पंक्चरवाले, स्प्रे पेंटिंगवाले, फर्निचरचे कारागीर, छोटे फॅब्रिकेटर अशा ज्यांच्याकडे पट्ट्यावर चालणारा बिडाचा जुना पंप आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गॅरेजात या पंपाला नुसतं ‘हेड’ म्हणतात. तेल वेळेवर बदललेलं हेड मालकाची एक पिढी सहज काढतं. मोटर मात्र मध्येच दगा देते. मोटरच्याच शाफ्टवर पिस्टन बसवलेले छोटे डायरेक्ट कॉम्प्रेसर इथे धरलेले नाहीत. त्यांची मोटर त्यांच्यापुरतीच घडवलेली असते, बाजारातली दुसरी तिथे बसत नाही.

पट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये एचपी हा हिशेबातला शेवटचा आकडा आहे. आधी पंपाला किती फेरे हवेत ते ठरवायचं, त्यावरून पुली, मग एचपी. आणि सगळं बसवून झाल्यावर अंतिम निकाल टाँग टेस्टरचा.

आधी जुनी का गेली ते बघा

नवी मोटर आणायच्या आधी जुनी खरंच गेली आहे का, याची खात्री करा. सिंगल फेज मोटर नुसती गुंगुं करत उभी राहते, तेव्हा पुष्कळदा फक्त कपॅसिटर बसलेला असतो किंवा आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचचे पॉइंट जळलेले असतात. दोन्ही दुरुस्त्या मोटरच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्यातला साठा इन्सुलेटेड दांड्याच्या रेझिस्टरने उतरवून घ्या. वीज बंद केली तरी तो झटका देतो.

दुसरा संशयित टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही. कॉम्प्रेसर थांबला की प्रेशर स्विचखालून फुस्स आवाज येऊन पंप आणि टाकी यांच्यातल्या नळीतली हवा निघून जायला हवी. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर मोकळी सुरू होते. एनआरव्ही गळत असेल तर टाकीतली हवा उलटी त्या नळीत येत राहते आणि मोटरला शंभर पीएसआयच्या विरुद्ध उठावं लागतं. फुस्स थांबतच नाही, हे त्याचं लक्षण. ही एवढीशी झडप न बदलता मोटरी बदलत बसणारे लोक आहेत, आणि दर खेपेला बोल कंपनीला लागतो.

मग पंप हाताने फिरवा. चाक एका फेऱ्यात दोनदा जड लागून सुटलं पाहिजे, कुठे अडकता किंवा खडखडता कामा नये. तेलाची काच बघा. तेल काळं असेल तर बदला आणि कॉम्प्रेसरचंच तेल घाला. गाडीचं मल्टिग्रेड इंजिन ऑइल गरम हेडमध्ये झडपांवर काजळीचा थर धरतं, मग झडप नीट मिटत नाही, दाबलेली हवा परत सिलिंडरमध्ये येते, हेड तापतं, आणि मोटरवरचा भार वाढतो.

आणि टाकी. ती आतून गंजते, बाहेरून कळत नाही. खालचा ड्रेन कॉक वर्षानुवर्षं उघडलाच नसेल, तळाशी रंगाखाली फोड दिसत असतील, तर मोटरचा खर्च आधी थांबवा आणि पाण्याच्या दाबाने टाकीची चाचणी करून घ्या. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाण्याच्या चाचणीत फुटलेली टाकी नुसती गळते. हवेची टाकी फुटली तर भिंत पाडते. कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये दाबाच्या यंत्रांसाठी कलम ३१ वेगळं ठेवलं होतं, ते उगीच नव्हे. चाचणीत नापास झालेल्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावू नका.

एवढं होऊन मोटर खरोखरच जळाली असेल तर माझं मत ऐका: जुनी मोटर चांगल्या बनावटीची, बिडाच्या बॉडीची असेल तर ती चांगल्या कारागिराकडून भरून घेणं हा पहिला पर्याय आहे. पाय तेच, शाफ्ट तोच, पुली तीच, फेरे तेच. तार मात्र तांब्याची आणि मूळ गेजची हवी, आणि जुनं वायंडिंग ज्वाळेने जाळून काढणाऱ्याकडे जाऊ नका. कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन त्यात जातं आणि मोटर कायमची गरम चालू लागते. बेअरिंगची घरं झिजली असतील, मोटर याआधीच दोनदा-तीनदा भरलेली असेल, किंवा तुम्हाला तीन फेजवरून सिंगल फेजवर यायचं असेल, तर मात्र नवी घ्या.

पंपाचे फेरे काढणे

हेडवरची पट्टी शाबूत असेल तर त्यावर फेरे लिहिलेले असतात आणि अर्धं काम तिथेच संपतं. जुन्या हेडवर ती बहुधा रंगाखाली गेलेली असते, थिनरने हलकेच पुसून बघा. मिळाली नाही, तरी जुनी मोटर आणि जुनी पुली हाताशी असतील तर हिशेब सोपा आहे. मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले पंपाच्या चाकाचा व्यास, म्हणजे पंपाचे फेरे. जुनी मोटर १४४० ची, पुली ७ इंची म्हणजे १७८ मिमी, चाक ३२० मिमी असेल, तर पंप मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत होता. चाकाचा व्यास टेपने धरायला अवघड जातो. घेराभोवती दोरी गुंडाळून तिची लांबी ३.१४ ने भागा. नेमका हिशेब पट्टा खाचेत जिथे बसतो तिथल्या व्यासाचा असतो, बाहेरच्या कडेचा नाही, पण दोन्हीकडे सारखंच मोजलंत तर चूक फार होत नाही.

जुनी पुली मूळचीच आहे का, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. ‘टाकी लवकर भरावी’ म्हणून मधल्या काळात कोणीतरी मोठी पुली चढवलेली असते आणि मोटर जळण्याचं कारण तीच असू शकते. म्हणून दुसऱ्या बाजूनेही पडताळा घ्या. हेड उघडून सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजा. दोन्ही सिलिंडर सारखे असतील आणि दोन्हींवर हवेचे फिल्टर असतील तर पंप एक टप्प्याचा. एक मोठा, एक लहान आणि त्यांच्यामध्ये फिन असलेली तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी असेल तर दोन टप्प्यांचा. दोन टप्प्यांच्या पंपात हवा आत घेतो तो फक्त मोठा सिलिंडर, त्यामुळे हिशेबात तोच धरायचा. लहान सिलिंडरही बेरजेत घेऊन पंपाची ताकद फुगवून सांगणारे बरेच भेटतात.

समजा मोठा सिलिंडर ८० मिमी व्यासाचा आणि चाल ६० मिमी आहे. एका फेऱ्यात तो सुमारे ३०० घन सेंटिमीटर हवा ओढतो. ८०० फेऱ्यांना २४० लिटर, म्हणजे साडेआठ सीएफएम. झडपांची गळती, हेडमध्ये उरणारी हवा आणि उष्णता यांच्यामुळे प्रत्यक्ष हातात सत्तर-पंचाहत्तर टक्केच येते, म्हणजे सहा सीएफएमच्या आसपास. शंभर पीएसआय दाबाला एका एचपीमागे साधारण तीन ते चार सीएफएम हवा मिळते. सहाला या प्रमाणाने दीड ते दोन एचपी लागतात, आणि दीडशेच्या वर दाब न्यायचा असेल तर दोन एचपी पुरेपूर लागतात. पंपावर दोनची मोटर होती, हिशेबही दोनच सांगतो. म्हणजे पुली मूळची असावी. हिशेब तीन सांगत असेल आणि मोटर दोनची होती, तर पुली वाढवलेली आहे असं समजा.

परदेशातून जुना म्हणून आलेला पंप असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या मोटरच्या पट्टीवर १७२५ किंवा ३४५० फेरे असतात. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तशीच मोटर १४४० किंवा २८८० फिरते. तिथली पुली इथल्या मोटरवर जशीच्या तशी लावली तर पंप सुमारे एक षष्ठांशाने हळू चालतो. त्यात धोका नाही, पण हवा तेवढीच कमी. तिकडच्या घरगुती कॉम्प्रेसरवर मोठ्या अक्षरांत छापलेली एचपीही खऱ्या अर्थाने घेऊ नका. १२० व्होल्टच्या, १५ अँपिअरच्या सॉकेटवर १८०० वॅटच मिळतात, आणि ७४६ वॅटचा एक एचपी. त्या सॉकेटवर चालणारं यंत्र पाच एचपीचं असूच शकत नाही.

पुली हाच गिअर

पिस्टनच्या पंपाचा एक गुण मोटर निवडताना फार उपयोगी पडतो. दाब तोच असेल तर एका फेऱ्याला लागणारा जोर जवळपास तेवढाच राहतो, आणि लागणारी शक्ती फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते किंवा घटते. फेरे निम्मे केले तर शक्तीही निम्मी. म्हणून हाताशी दीड एचपीचीच मोटर असेल तर दोनच्या पंपावर ती चालवता येते, फक्त पुली पाऊणपट करायची: १७८ ऐवजी १३३ मिमी, म्हणजे सव्वापाच इंची. सायकल चढावर खालच्या गिअरला टाकावी तसं. टाकी भरायला वेळ लागेल, पण मोटर सुखरूप राहील.

खाली किती उतरायचं याला मर्यादा आहे. जुन्या पंपात तेलाचा वेगळा पंप बहुतेक नसतो. कनेक्टिंग रॉडच्या तळाची चमचीसारखी पट्टी तेल उडवते. फेरे फार कमी झाले की तेल वर पोचत नाही, आणि चाकाच्या पात्यांची हवाही सिलिंडरवर कमी पडते. मूळ फेऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास यायची वेळ आली तर पुली बदलण्यापेक्षा मोटर बदला.

वरच्या दिशेला मात्र सूट नाही. तीन एचपीची मोटर स्वस्तात मिळाली म्हणून ती बसवून पुली मोठी करणं म्हणजे ८०० च्या पंपाला १२०० ने हाकणं. झडपेच्या पातळ पट्ट्या तेवढ्या वेगाने उघडझाप करण्यासाठी केलेल्या नसतात, त्या तुटून तुकडे सिलिंडरमध्ये पडतात. मोठी मोटर जुन्याच पुलीवर चालवायला हरकत नाही. पण हवा एका लिटरनेही वाढत नाही, सुरू होताना ती जास्त करंट ओढते आणि कमी भारावर तिचा पॉवर फॅक्टर खालावतो. मंजूर वीजभार ओलांडला तर महावितरणचा दंड वेगळाच. पंप जेवढा मागतो तेवढ्याच एचपीची मोटर घ्या, फार तर एक पायरी वरची.

मोटर निवडताना १४४० ची, म्हणजे चार पोलची घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. २८८० ची मोटर त्याच एचपीला हलकी आणि स्वस्त पडते, आणि पुली निम्मी केली तर कागदावर हिशेब जुळतोही: १७८ च्या जागी ८९ मिमी, साडेतीन इंच. पण ए सेक्शनच्या पट्ट्याला ७५ मिमीच्या खाली वळवायचं नाही असा दंडक आहे, बी सेक्शनला १२५ च्या खाली. साडेतीन इंची पुली ए पट्ट्याला जेमतेम चालते. बी पट्टा तिच्यावर टिकणार नाही, तापेल, घसरेल आणि तडे जातील. शिवाय लहान पुलीला पट्ट्याचा विळखा कमी, म्हणून तो जास्त ताणावा लागतो आणि तो ताण मोटरच्या बेअरिंगवर येतो.

पुलीचा बाजार इंचाचा आहे, मोटरचा मिलिमीटरचा, हे ध्यानात ठेवा. मुंबईत मोटर लोहार चाळीत आणि पुली-पट्टे नागदेवीत, पुण्यात विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी हव्या त्या मापाची पुली बिडात ओतून टर्न करून मिळते. अडनिडं माप लागत असेल तर ‘जवळची चालेल’ म्हणू नका, टर्न करून घ्या.

शाफ्ट, पाय आणि पट्टा

आपल्याकडच्या सध्याच्या मोटरींच्या मापांना एकच शिस्त आहे. फ्रेमचा आकडा म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची मिलिमीटरमधली उंची. तीन फेजच्या चार पोलच्या मोटरीत १ एचपीला ८० ची फ्रेम आणि १९ मिमी शाफ्ट, २ एचपीला ९०एल आणि २४ मिमी, ३ एचपीला १००एल आणि २८ मिमी, ५ एचपीला ११२एम आणि तोच २८ मिमी शाफ्ट. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला सापळा इथलाच आहे: २८८० ची दोन एचपीची मोटर ९०एस फ्रेममध्ये येते, शाफ्ट तोच २४ चा, फक्त पायाच्या भोकांचं लांबीतलं अंतर १२५ ऐवजी १०० मिमी. सिंगल फेजची मोटर त्याच एचपीला अनेकदा एक फ्रेम मोठी असते, तेव्हा शाफ्टचं माप मोजूनच पुलीला भोक पाडा.

जुन्या इंची मोटरच्या जागी नवी मिलिमीटरची बसवताना पायांची भोकं जुळत नाहीत. टाकीवरच्या पाटावर नवी भोकं पाडायला हरकत नाही. टाकीच्या पत्र्याला मात्र ड्रिल किंवा वेल्डिंग लावायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. पाट छोटा पडत असेल तर त्यावर दुसरी जाड प्लेट बोल्टने कसा आणि मोटर सरकवता येईल अशी लांबट भोकं त्या प्लेटमध्ये ठेवा.

पुली हातोड्याने ठोकू नका, ठोके थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातात. शाफ्टच्या टोकाला आटे असलेलं भोक असतं, त्यात बोल्ट आणि वॉशर लावून पुली ओढून घ्या. पुली जमेल तितकी मोटरच्या बॉडीजवळ असावी. चावी ढिली असेल तर पत्र्याची चकती घालून भागवू नका. पिस्टनचे हिसके ती एका दिवसात चावून काढतात.

पट्ट्याच्या नंबरात लांबी असते: ए-६५ म्हणजे ए सेक्शन, आतली लांबी ६५ इंच. सूत्र वापरायचा कंटाळा असेल तर दोन्ही पुल्यांच्या खाचांतून सुतळी फिरवून मोजा आणि मोटर सरकवायला दोन्हीकडे जागा राहील असा नंबर घ्या. चाकाला दोन खाचा असतील तर दोन्ही पट्टे एकाच वेळी, एकाच कंपनीचे. एक जुना एक नवा लावलात तर सगळा भार नव्यावर जातो. ताण किती? दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर दर १०० मिमी अंतराला दीड मिलिमीटर दबला पाहिजे. साडेचारशे मिलिमीटरच्या पल्ल्याला साधारण सात. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला पट्टा बघून समाधान मानणारे मोटरची बेअरिंगं स्वतःच्या हाताने खातात.

सिंगल फेजवाल्यांनी नीट वाचावं

तीन फेजची वीज असेल तर निवड सोपी आहे. साधी स्क्विरल केज मोटर, ओव्हरलोड रिले पट्टीवरच्या करंटला लावलेला, सिंगल फेज प्रिव्हेंटर, आणि बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १२६१५ प्रमाणे, आयई२ किंवा आयई३ वर्गाची मोटर घ्या. ती जुन्या मोटरपेक्षा थोडी जोरात, १४५० च्या पुढे फिरू शकते. पुली एक-दोन मिलिमीटरने कमी ठेवली तर हिशेब बसतो.

खरी फसगत सिंगल फेजमध्ये होते. कॉम्प्रेसरला उठताना जोर लागतो: जड चाक, गार तेल, आणि पहिल्याच फेऱ्यात दाब. निफाडकडे डिसेंबरच्या पहाटे तेल इतकं घट्ट असतं की दिवसभर मुकाट चालणारी मोटर सकाळी उठायला नकार देते. अशा कामाला कपॅसिटर स्टार्टची मोटर लागते, जिच्यात सुरुवातीपुरता मोठा कपॅसिटर येतो आणि वेग आला की स्विच त्याला टक् करून बाजूला काढतो. कायम जोडलेल्या एकाच लहान कपॅसिटरची मोटर पंख्याला, ब्लोअरला, लहान पाण्याच्या पंपाला पुरते, कारण त्यांना सुरुवातीला ओझंच नसतं. विहिरीवरची जुनी मोनोब्लॉक मोडून निघालेली मोटर कॉम्प्रेसरवर चालत नाही ती यामुळे. कडबाकुट्टीची मोटरही अशीच मोहात पाडते. एचपी भरपूर, किंमत कमी. पण तिच्यात बऱ्याचदा २८०० च्या घरातले फेरे आणि अ‍ॅल्युमिनियमचं वायंडिंग असतं. पंधरा मिनिटं चारा कापायला ती ठीक आहे, दिवसभर गाड्यांची हवा भरायला नाही. मोटरच्या पट्टीवर ‘एस१’ म्हणजे सलग कामाचा शिक्का बघून घ्या.

सुरुवातीचा कपॅसिटर साधारण तासाला वीस वेळा, दर वेळी तीन सेकंद, एवढ्याच कामासाठी बनवलेला असतो. टाकी गळत असेल किंवा प्रेशर स्विचची बंद-चालू मर्यादा फार जवळ लावली असेल तर मोटर दर दोन मिनिटांनी उठते आणि कपॅसिटर फुगतो. दोन मर्यादांत तीस-चाळीस पीएसआयचं अंतर ठेवा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती शोधा.

मग व्होल्टेज. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १९० मिळाले तर जोर ६८ टक्क्यांवर येतो. यातलं सगळंच पाप महावितरणचं नसतं, काही आपल्या वायरीचंही असतं. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहा-बारा अँपिअर घेते, पण उठताना साठच्या पुढे जाते. तीस मीटर लांबीच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत साठ अँपिअरला सुमारे ४४ व्होल्ट वाटेतच संपतात. अडीचच्या वायरीत २७, चारच्या वायरीत १७ च्या आत. लांब वायरीने वीज नेऊन कॉम्प्रेसर दारात उभा करण्यापेक्षा तो मीटरजवळ ठेवून हवेचा पाइप लांब करा.

तीन फेजची मोटर कपॅसिटर जोडून सिंगल फेजवर चालवण्याची खटपट करू नका. ताकद एक तृतीयांशाने तरी घटते, वायंडिंग असमान तापतं. त्याऐवजी २४० डेल्टा आणि ४१५ स्टार अशी दोन्ही जोडणी लिहिलेली लहान मोटर डेल्टात जोडून सिंगल फेजच्या व्हीएफडीवर, म्हणजे वारंवारता बदलून मोटर चालवणाऱ्या यंत्रावर, चालवता येते. फक्त प्रेशर स्विच व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये न लावता व्हीएफडीच्या चालू-बंद तारांवर लावा.

चालवून बघताना

पहिल्यांदा पट्टा न लावता मोटर फिरवा आणि दिशा बघा. चाकावर बाण असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर चाकाच्या पात्यांची हवा सिलिंडरकडे यायला हवी. दिशा उलटी असेल तर तीन फेजमध्ये कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा, सिंगल फेजमध्ये स्टार्टिंग वायंडिंगची दोन टोकं. जुनी मोटर घेतली असेल तर याच वेळी टॅकोमीटर लावून फेरे मोजा. भंगारातल्या मोटरीवरची पट्टी त्याच मोटरीची असते असं नाही.

पट्टा चढवा, ड्रेन कॉक उघडा ठेवून दहा-पंधरा मिनिटं बिनदाबाची चालवा, मग कॉक बंद करून दाब चढू द्या. एका तारेभोवती टाँग टेस्टर लावून ठेवा. करंट दाबाबरोबर चढत जातो, आणि मोटर बंद पडण्याच्या जरा आधीचा आकडा हा खरा आकडा. तो पट्टीवरच्या करंटच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर रिले वर सरकवू नका. पुली त्याच प्रमाणात लहान करा किंवा बंद होण्याचा दाब खाली आणा. करंट खूपच कमी, साठ-सत्तर टक्क्यांवर असेल, आणि पंपाचे फेरे पट्टीपेक्षा कमी असतील, तर पुली थोडी वाढवायला वाव आहे.

दुसरी चाचणी उठण्याची. टाकी भरलेली असताना थोडी हवा सोडा, म्हणजे प्रेशर स्विच स्वतःहून मोटर चालू करेल. दोन-तीन सेकंदांत तिने पूर्ण वेग घ्यायला हवा. पाच सेकंद लागत असतील तर त्या क्षणी मोटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा. दोष बहुतेक तिथे किंवा एनआरव्हीत सापडतो. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून तो मोकळा आहे याची खात्री करा आणि पट्ट्यावर जाळी लावल्याशिवाय कॉम्प्रेसर कामाला देऊ नका. पंक्चरच्या दुकानात लहान पोरं उभी असतात.

सगळं जमलं की मोटरचे फेरे, पुलीचा व्यास, पट्ट्याचा नंबर, बंद होतानाचा दाब आणि त्या वेळचा करंट हे पाच आकडे पट्ट्याच्या जाळीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा नुसती एचपी सांगू नका, त्या जाळीचा फोटो दाखवा.